साथ आली तर पाहुणे कुठून येतील? खोल्या देणाऱ्यांसाठी वही मांडायची रीत

घराला लागून दोन-चार खोल्या काढून पाहुणे ठेवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. निवास-न्याहरीवाले, होमस्टेवाले, कृषी पर्यटनवाले, सगळेच. मोठ्या हॉटेलांकडे मागणीचा अंदाज बांधायला पगारी माणसं असतात. आपल्याकडे एक वही, एक फोन आणि चुलीपाशी उभी घरातली बाई. मी दापोली तालुक्यात समुद्रालगतच्या गावात खोल्या देते. त्याआधी पतसंस्थेत हिशेब लिहायचे, त्यामुळे रकाने आखल्याशिवाय मला चैन पडत नाही. कोविडच्या काळात त्या रकान्यांनी जे दाखवलं ते बातम्यांतून कळत नव्हतं. बातम्या सांगायच्या ‘पर्यटन ठप्प’, मग एकदम ‘पर्यटकांची झुंबड’. प्रत्यक्षात लोक दूरचं सोडून जवळचं धरत होते, विमान सोडून स्वतःची गाडी काढत होते, देऊळ बंद म्हणून समुद्र गाठत होते. त्यामुळे एका गावचं गिऱ्हाईक दुसऱ्या गावाकडे जात होतं. पुन्हा कधी साथ आली तर ते आपल्याकडे येईल की आपल्याकडून जाईल, हे आधी कसं ओळखायचं, ते सांगते.

आधी जुनी वही उघडा

साथ सुरू झाल्यावर अंदाज बांधायला बसू नका. चांगल्या वर्षाची वही घ्या आणि प्रत्येक पाहुण्यापुढे चार गोष्टी लिहा: कुठल्या जिल्ह्यातून आला, कशाने आला, कशासाठी आला आणि किती दिवस आधी फोन केला होता. नाव, पत्ता आपण लिहीतच असतो. ‘कशाने आला’ हे मात्र कुणी लिहीत नाही, आणि साथीत तेच सगळ्यात जास्त कामाला येतं.

आमच्याकडे तीन प्रकारचे लोक येतात. पुण्याहून स्वतःच्या गाडीने ताम्हिणी उतरून येणारी कुटुंबं. मुंबई-ठाण्याहून येणारे, त्यातले काही कोकण रेल्वेने खेडला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा करणारे. आणि मिनीबस करून येणारे गट: भिशीच्या बायका, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळेचे माजी विद्यार्थी. साथ आली की आधी गट जातात आणि सगळ्यात शेवटी परततात. मिनीबसमध्ये पाच घरची माणसं एकत्र बसतात, एका घरी कुणी खोकलं तर सगळी सहल रद्द. रेल्वेवाले त्यानंतर. २०२० मध्ये गाड्या सुरू झाल्या त्या ‘विशेष’ म्हणून, आरक्षण असेल तरच, त्यामुळे आयत्या वेळी निघणारा माणूस तिथेच गळला. टिकतो तो स्वतःच्या चारचाकीतून येणारा चौघांचा संसार. तुमच्या वहीत अशांचं प्रमाण निम्म्याहून जास्त असेल तर पहिला तडाखा बसला तरी तुम्ही लवकर उभे राहाल. गटांवर चालणारं घर असेल तर वर्षभराची बेगमी करा. हे कडू वाटेल, पण आधी कळलेलं बरं.

वर्षाचा आकडा पाहू नका, महिना पाहा

केंद्र सरकारचं पर्यटन मंत्रालय दरवर्षी आकडे काढतं. देशांतर्गत पर्यटकांच्या भेटी २०१९ मध्ये सुमारे २३२ कोटी होत्या, २०२० मध्ये त्या ६१ कोटींवर आल्या. म्हणजे चारातल्या तीन गेल्या. २०२१ मध्ये ६७ कोटींच्या वर, आणि २०२२ मध्ये १७३ कोटी. महाराष्ट्राचा आकडा २०१९ मध्ये जवळपास १५ कोटी, २०२० मध्ये ४ कोटींच्या आत. हे वाचून आपल्या खोल्यांचा अंदाज बांधायला गेलात तर फसाल. या भेटी आहेत, माणसं नव्हेत. एकच माणूस दोन राज्यांत गेला तर दोनदा मोजला जातो. देवदर्शनाला आलेलेही यात आले. आणि वर्ष हे माप साथीला लागूच पडत नाही.

हिमाचल आणि गोवा शेजारी ठेवून बघा. हिमाचलचे देशी पर्यटक २०१९ मध्ये १ कोटी ६८ लाखांच्या आसपास होते, २०२० मध्ये ३२ लाखांवर आले. गोव्यात ७१ लाखांवरून सुमारे २७ लाख. वरवर पाहिलं तर गोव्याने जास्त निभावलं. पण हिमाचलचा मोठा हंगाम एप्रिल ते जून, मैदानी भाग तापलेला असतो तेव्हाचा, आणि २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीने नेमका तोच गिळला. गोव्याचा हंगाम थंडीचा. जानेवारी, फेब्रुवारी आणि अर्धा मार्च सुखरूप पार पडलेला होता, नंतर डिसेंबरही मिळाला. साथ कॅलेंडरवर कुठे पडली त्यावर निम्मा हिशेब ठरतो.

म्हणून आपल्या गावाचं बारा महिन्यांचं कोष्टक करा. आमचं असं आहे: मे महिना सगळ्यात मोठा, मग दिवाळीची सुट्टी, मग नाताळ ते नववर्ष, आणि मधले शनिवार-रविवार. जून ते ऑगस्ट जवळपास रिकामे. कोविडने आमचे मे महिने दोन नेले, २०२० चा आणि २०२१ चा. दिवाळी आणि नाताळ मात्र दोन्ही वर्षी मिळाले. लाट मार्चमध्ये चढू लागली की मे गेला असं धरून आंबापोळीचा आणि कोकमाचा माल कमी भरायचा. सप्टेंबरमध्ये उतरू लागली तर दिवाळीची तयारी करायची, शेजारी हसले तरी.

गावाचा स्वभाव

कुठलं ठिकाण आपटतं आणि कुठलं तरतं, हे तिथे लोक कशासाठी जातात त्यावर ठरतं.

देवस्थानाचं गाव सरकारी आदेशावर चालतं. महाराष्ट्रातली धार्मिक स्थळं मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद, आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला उघडली. या मधल्या काळात पंढरपूरच्या लॉजवाल्याने किंवा शिर्डीच्या फुलवाल्याने कितीही सवलत दिली असती तरी उपयोग नव्हता. २०२० आणि २०२१ च्या आषाढीला पादुका एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या. पायी वारी परत निघाली ती २०२२ मध्ये. पण देवस्थानाची एक जमेची बाजू आहे. दार उघडलं की गिऱ्हाईक समजवावं लागत नाही. नवस फेडायचे राहिलेले असतात, ते लोक येतातच. आमच्याच जिल्ह्यात गणपतीपुळ्याला देऊळ आणि समुद्र दोन्ही आहेत. अशा गावातल्या माणसाने वहीत ‘कशासाठी आला’ हा रकाना कसून भरावा, कारण देऊळ बंद असताना समुद्रासाठी येणारे किती, हे दुसरीकडून कळणार नाही.

परदेशी पाहुण्यांचं आणि बघायच्या वास्तूंचं गाव सगळ्यात उशिरा सावरतं. ताजमहाल १७ मार्च २०२० ला बंद झाला आणि २१ सप्टेंबरला उघडला, तोही दिवसाला ५,००० माणसांची मर्यादा घालून. अजिंठा-वेरूळ उघडायला डिसेंबर उजाडला. अशा ठिकाणचे गाइड, टॅक्सीवाले, हिमरू-पैठणी विकणारे यांचं पोट लांबून येणाऱ्यांवर असतं. जवळच्या माणसाने वेरूळ शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं, तो मुक्कामाला येत नाही.

गोव्याची गोष्ट निराळी. २ जुलै २०२० ला त्यांनी पर्यटकांना दार उघडलं, आपल्या आधी. परदेशी पर्यटक २०१९ मध्ये ९ लाखांच्या वर होते, २०२१ मध्ये जेमतेम २२ हजार. चार्टर विमानं थांबली होती. २०२२ मध्ये देशी पर्यटक ७० लाखांच्या वर गेले, म्हणजे २०१९ च्या जवळ, आणि परदेशी पावणेदोन लाखांच्या आत. हॉटेलं भरली, पण माणसं वेगळी होती. रशियन पाहुणा पंधरवडाभर एकाच शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीत, बसायचा, दिल्ली-पुण्याचा पाहुणा तीन दिवसांत पाच ठिकाणं बघून निघतो. खोल्यांचा आकडा सावरला म्हणून त्या शॅकवाल्याचा धंदा सावरला असं होत नाही. केरळचंही २०२२ मध्ये देशी पाहुण्यांच्या बाबतीत २०१९ ला मागे टाकून झालं: १ कोटी ८४ लाखांवरून १ कोटी ८८ लाख. तिथेही परदेशी पाहुणे मागेच राहिले होते. तेव्हा ‘राज्याचं पर्यटन पूर्ववत’ अशी बातमी आली तर आधी विचारा, कुणाचं?

लोणावळ्यासारखं शहराच्या कुशीतलं गाव दोन्ही बाजूंनी हलतं. निर्बंध थोडे सैल झाले की पहिली गर्दी तिथेच, आणि गर्दी झाली की पहिली बंदीही तिथेच. पावसाळ्यात भुशी धरणाकडे जायला मनाईचे आदेश निघाले होते. अशा ठिकाणी दिवसाच्या पाहुण्यावर, म्हणजे भजी-मक्याच्या कणसावर जगणारा मरतो आणि बंगला भाड्याने देणारा तरतो, एकाच रस्त्यावर.

आणि आमच्यासारखी गावं. नाव मोठं नाही, बघायला ‘पॉइंट’ फारसे नाहीत, किनारा लांब आणि मोकळा. एरवी हा आमचा कमीपणा. साथीत हेच लोकांना हवं होतं. नोव्हेंबर २०२० पासून फोनवर पहिला प्रश्न ‘जवळ काय बघण्यासारखं आहे’ हा राहिला नाही. ‘घरात अजून कोणी पाहुणे असतील का’ हा झाला.

दोन परवानग्या

आदेश वाचताना आपण फक्त आपलं बघतो: खोल्या उघडायच्या का? पाहुण्याला निघायची मुभा आहे का, हे वेगळं बघावं लागतं. ८ जुलै २०२० पासून राज्यात हॉटेल-लॉजना ३३ टक्के क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली. कागदावर आम्ही सुरू. पण जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता आणि तो सहलीसाठी मिळत नव्हता. ई-पासची अट २ सप्टेंबरला गेली आणि त्याच वेळी पूर्ण क्षमतेची परवानगीही आली. खरा फोन त्यानंतर वाजायला लागला. जुलै-ऑगस्टमध्ये खोल्या रिकाम्या राहिल्या त्याचा अर्थ लोकांना यायचं नव्हतं असा नाही.

२०२१ मध्ये हे आणखी गुंतागुंतीचं झालं. ७ जूनपासून जिल्ह्यांचे पाच स्तर आले. चाचण्यांतले बाधित किती टक्के आणि ऑक्सिजनच्या खाटा किती भरलेल्या यावर दर आठवड्याला जिल्ह्याचा स्तर ठरायचा. मग ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यात सवलती आल्या तेव्हा ११ जिल्हे त्यातून वगळले. त्यात रत्नागिरी होतं, सिंधुदुर्ग आणि रायगड होते, आणि आमचे पाहुणे जिथून येतात ते पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरही होते. आम्हीही अडकलेलो आणि आमचं गिऱ्हाईकही. अशा वेळी जाहिरातीवर पैसे घालणं म्हणजे ओहोटीला जाळं टाकणं.

रीत सोपी आहे. भिंतीवर कागद लावा. त्यावर आपला जिल्हा, आणि वहीतून निघालेले पाहुण्यांचे पहिले चार जिल्हे. आदेश आला की प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या: बाहेर पडायला मुभा आहे का, रात्रीची संचारबंदी आहे का, परत जाताना चाचणी किंवा विलगीकरण लागतं का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. नोकरदार माणूस दोन दिवसांच्या समुद्रासाठी घरी जाऊन दहा दिवस कोंडून घेणार नाही. २०२० च्या गणपतीला चाकरमान्यांवर विलगीकरणाची अट आली होती, तरी हट्टाने आलेले आले, कारण घरचा गणपती होता. पर्यटकाला असा गणपती नसतो.

शहराचे निर्बंध कधीकधी आपल्या पथ्यावरही पडतात. २२ डिसेंबर २०२० पासून महापालिका हद्दीत रात्रीची संचारबंदी लागली. एकतीस डिसेंबर शहरात साजरा होणार नाही म्हटल्यावर फोन लागोपाठ आले. जिल्हाधिकारी तीच बंदी कधी आपल्या गावाला लावतील याचा नेम नसतो, त्यामुळे अशा बुकिंगला ‘आदेश आला तर पैसे परत’ असं लिहून द्यावं. आणि हो, या आदेशांमागचा एक कायदा १८९७ चा, प्लेगच्या साथीतला. तो पुढच्या वेळीही निघेल, तेव्हा वाचायची सवय ठेवा.

फोन आणि दिवस

साथीत बुकिंगचा काळ आखडतो. आमच्याकडे एरवी मे महिन्याचे फोन फेब्रुवारीत येतात. त्या काळात लोक बुधवारी विचारून शुक्रवारी निघत. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात एकही बुकिंग नाही’ याला घाबरू नका. त्याऐवजी विचारणा मोजा. आलेला प्रत्येक फोन लिहा, बुकिंग झालं नाही तरी. का झालं नाही तेही लिहा: भाव, भीती, आदेश, की खोली नव्हती. विचारणा वाढली आणि बुकिंग नाही, तर आदेश उठताच गर्दी होणार. विचारणाच नाही, तर आदेश उठला तरी थांबा.

मुक्काम मात्र लांबतो. घरून काम करणारे आठवडाभर राहायला येऊ लागले, सोमवार ते गुरुवारच्या रिकाम्या खोल्यांना गिऱ्हाईक मिळालं. त्यांना समुद्र दिसो न दिसो, नेट लागतं. वीज गेल्यावर चालेल असा इन्व्हर्टर आणि बसायला नीट टेबल-खुर्ची, एवढ्याने आम्ही त्यांना धरून ठेवलं. त्यांच्याकडून जेवणाचा वेगळा आठवड्याचा दर घ्या, रोज सुरमई मागतील तर परवडणार नाही.

आगाऊ रकमेबद्दल माझं मत पक्कं आहे: कमी घ्या, पण परत द्या किंवा तारीख बदलून द्या. ज्याचे पैसे अडकतात तो पुढच्या साथीत आपल्याला फोन करत नाही.

कशाकशाचं खापर साथीवर फोडू नये

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या माड-पोफळीच्या बागा झोपल्या, कौलं उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती. त्यानंतरचे रिकामे महिने साथीच्या खात्यात लिहिले तर चुकीचं. तशीच २०२१ ची २२ जुलै, चिपळूण पाण्याखाली गेलं आणि कऱ्हाडकडून कुंभार्ली घाट उतरून येणाऱ्यांची वाट अडली. वहीत ‘का नाही’ रकान्यात रस्ता, वीज, वादळ असे वेगळे शब्द लिहा. लोकांना यायचं नव्हतं, की यायला वाट नव्हती, की आपल्याकडे छप्पर नव्हतं? तिन्हीवर उपाय वेगळे. पहिल्याला भाव कमी करून फरक पडतो, बाकी दोन्हीला नाही.

गावाचंही एक खातं ठेवा. २०२० मध्ये गावोगावी ग्राम कृती दलं होती, कित्येक वेशींवर बांबू आडवे होते. सरकारने मुभा दिली तरी गावाने दिली नव्हती, आणि त्यात गावाचं चुकत नव्हतं. खाटा असलेलं रुग्णालय दापोलीला, गावात उपकेंद्र. पाहुण्याची गाडी आली की शेजारच्या म्हातारीला भीती वाटणारच. ग्रामपंचायतीत जाऊन स्वतः सांगा: किती लोक येणार, कुठून, बाजारात हिंडणार की नाही. आम्ही पाहुण्यांची भाजी-मासळी घरूनच आणून द्यायचो, त्यामुळे कुरकुर कमी झाली आणि मासळीवालीलाही दारात धंदा मिळाला.

उसळीवर घर बांधू नका

लाट ओसरली की उसळी येते. जुलै २०२१ मध्ये मनालीच्या रस्त्यांवरचे फोटो सगळ्यांनी पाहिले. तेव्हा मे गेलेला होता, मुलं घरात वैतागलेली होती, परदेशी जायची सोय नव्हती. जे कुटुंब एरवी थायलंडला गेलं असतं तेही आपल्याकडे आलं, आणि त्याच्या खिशाला आपला दर स्वस्त वाटला. हे गिऱ्हाईक उसनं आहे. विमानं सुरळीत झाली की ते जातं. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या वेळी राज्यातली पर्यटनस्थळं पुन्हा बंद झाली, महिनाअखेरीस उघडली, आणि त्यानंतर आमच्या वहीतले लांबचे पत्ते हळूहळू कमी होत गेले. पुणे, ठाणे, कोल्हापूर राहिले.

उसळीतल्या पाहुण्यापुढे वहीत खूण करा. पुढच्या वर्षी त्यातले किती परत आले ते मोजा. परत येणाऱ्यांचा आकडा धरूनच बँकेत कर्जाला जा. आमच्या पंचक्रोशीत २०२१ च्या हिवाळ्यात नव्या खोल्यांचे स्लॅब भराभर घातले गेले. मी सलग दोन मे महिने, २०२२ आणि २०२३ चे, जुन्या वहीशी ताडून पाहिले आणि मग एकच खोली वाढवली, पडवीची एक बाजू बंद करून. तिचं भाडं बाकीच्या खोल्यांपेक्षा कमी ठेवलं आहे, कारण तिथून समुद्र दिसत नाही, गोठा दिसतो.